परक्याच्या उंबरठ्यावर



मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण एक छोटीशी प्रार्थना म्हणतो. प्रभूने आपल्या छपराखाली यावे एवढी आपली योग्यता नाही, अशी कबुली देऊन आपण त्याच्याकडे केवळ एक शब्द मागतो. ही प्रार्थना मुळात कोणाची? ती कोणा प्रेषिताची नाही, यहुदी धर्मगुरूचीही नाही. ती कफर्णहूम येथील एका रोमन शताधिपतीची आहे. म्हणजे परक्या वंशाच्या, परक्या सैन्यातील माणसाचे शब्द आपण दर रविवारी आपल्या ओठांवर घेतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील हा प्रसंग आपण नीट पाहू या. शताधिपतीचा चाकर मरणाच्या दारी आहे. गरज त्याची आहे आणि सत्ताही त्याच्याच हाती आहे. त्या काळी यहुदी माणसाने परधर्मीयाच्या घरात पाऊल ठेवणे विटाळाचे मानले जाई. शताधिपती येशूला घरी येण्याचा आग्रह धरत नाही, उलट मित्रांना वाटेतच सामोरे पाठवतो. दुसऱ्याच्या धर्मामुळे त्याला पडणारा संकोच आधीच ओळखून वागणे, याला आदर म्हणतात. आणि येशू काय करतो? तो अट घालत नाही, धर्म विचारत नाही. भर गर्दीत त्या परक्याच्या श्रद्धेची वाखाणणी करतो आणि चाकर बरा होतो.

आपण वर्धा जिल्ह्यात राहतो. परधर्मीयांबरोबर सेवा कशी करावी, हे शिकायला आपल्याला दूर जावे लागत नाही. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले आणि पुढे ते गाव सेवाग्राम झाले. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत निरनिराळ्या धर्मांतील वचनांना स्थान मिळाले. कार्डिनल न्यूमन यांचे ‘लीड, काइंडली लाइट’ हे गीत गांधीजींना अतिशय प्रिय होते. याच न्यूमन यांना ख्रिस्तसभेने २०१९ साली संत म्हणून घोषित केले. सेवाग्रामलाच संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने पिडलेले आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. त्याच १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली होती. पवनारला विनोबांनी बायबलचा अभ्यास करून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले आणि कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. शेजाऱ्याच्या धर्माविषयी मत देण्याआधी त्याची भाषा शिकावी, हा धडा आपल्या उंबरठ्याजवळच आहे.

ही परंपरा केवळ स्मारकात उरलेली नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून नव्या विद्यार्थ्यांची सुरुवात आश्रमातल्या मुक्कामाने होते. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान आणि मग खेड्यातले शिबिर. निरनिराळ्या धर्मांची मुले तिथे एका पंक्तीला बसतात. आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतीही रुग्णालयात, शिबिरात, रक्तदानात इतरांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. याचा आम्हांला आनंद वाटतो. म्हणूनच त्यांच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

सेवेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. खाटेवर पडलेला रुग्ण आपल्याला ‘नको’ म्हणू शकत नाही. आपण पाण्याचा पेला हाती दिला, अंग पुसले, औषध आणून दिले, की त्याच्या मनावर उपकाराचे ओझे येते. त्या वेळी आपण आपल्या धर्माची गोष्ट काढली, तर तो ऐकून घेईल. पण ते ऐकणे मोकळ्या मनाचे असेल काय? माणूस हा साधन नव्हे, तो स्वतःच साध्य आहे, असे तत्त्ववेत्ता कांट सांगून गेला. रुग्णाच्या असहायतेचा आपल्या श्रद्धेसाठीही उपयोग करणे म्हणजे त्याला साधन करणे होय. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हेच स्पष्ट केले आहे. प्रीती फुकट दिली जाते. तिच्यामागे दुसरा हेतू नसतो. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहून प्रीतीलाच बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे.

याच्या उलट दुसराही मोह असतो. गळ्यातला क्रूस लपवायचा, रविवारची मिस्सा चुकवायची, कोणी विचारले तर ‘आमचं तसं काही नाही’ म्हणायचे. हा आदर नव्हे, ही भीती होय. ज्याला स्वतःचे घर नाही, तो पाहुण्याला कुठे बसवणार? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य व पवित्र ते नाकारू नये असे शिकवले आणि त्याच दस्तऐवजात ख्रिस्ताची घोषणा करण्याचे कर्तव्यही सांगितले. १९८६ साली असिसी येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी निरनिराळ्या धर्मांच्या प्रमुखांना बोलावले, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली. सरमिसळ झाली नाही आणि चढाओढही झाली नाही.

तेव्हा युवकांनो, रोजच्या वागण्यातल्या काही गोष्टी ध्यानात ठेवू या.

रुग्ण कितीही गरीब असो, त्याला ‘अहो-जाहो’च करावे. आजी, काका, ताई, भाऊ ही नाती कोणत्याही धर्माची नाहीत.

‘जय भीम’ म्हणणाऱ्याला ‘जय भीम’ म्हणावे, सलाम करणाऱ्याला सलाम. उत्तर देताना जीभ अडखळू नये.

जात आणि धर्म विचारू नये. आडनावावरून तर्कही बांधू नये.

रमजानच्या दिवसांत सोबतचा मित्र उपाशी असेल, तर डबा थोडा बाजूला जाऊन उघडावा. आश्रमात आश्रमाचेच जेवण गोड मानावे.

स्त्री रुग्णाजवळ मुलींनी जावे; पडदा पाळणाऱ्या घरात विचारल्याशिवाय आत शिरू नये.

सर्वधर्म प्रार्थनेत शांत बसावे, मोबाइल बंद ठेवावा. जे आपल्या श्रद्धेत बसत नाही, ते हात जोडून नम्रपणे नाकारावे. तोंड वाकडे करू नये.

रुग्णाचे छायाचित्र काढू नये. त्याच्या घरची दुःखे गावभर सांगू नयेत.

आणि ‘तुम्ही हे का करता?’ असे कोणी आपणहून विचारले, तर लाजू नये. येशूचे नाव घ्यावे, दोन वाक्यांत सांगावे आणि पुन्हा कामाला लागावे.

पालकांनाही एक विनंती. घरात शेजारच्या धर्माची थट्टा होत असेल, तर शिबिरातले चार दिवस मुलांना काय शिकवणार? आदराची पहिली शाळा आपला स्वयंपाकघराचा ओटा आहे.

आज ख्रिस्तशरीर घेण्यासाठी रांगेत उभे राहू, तेव्हा त्या शताधिपतीची आठवण करू या. त्याचे शब्द आपण रोज उसने घेतो. त्याचा विनयही थोडा घेऊ या.

हे प्रभू येशू, तू परक्याच्या श्रद्धेचे कौतुक केलेस. आमच्या हातांना सेवा दे, जिभेला संयम दे आणि अंतःकरणाला तुझ्यावरचा निर्भय विश्वास दे. आमेन.

आपले प्रमुख धर्मगुरू