ध्रुपद श्रोत्यांच्या तोंडी

१६ ऑगस्ट १९४२, ऐन नागपंचमीचा दिवस. तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये ‘चले जाव’ आंदोलनात लोक रस्त्यावर उतरले. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा किशोरवयीन मुलगा ठार झाला. खवळलेल्या जमावाच्या हातून डुंगाजी, सोनवणे, जरासंध हे अधिकारी आणि शिपाई कांताप्रसाद असे चार सरकारी नोकर मारले गेले. गाव इंग्रजांच्या हातातून सुटलं, पण काही दिवसांपुरतंच. मग लष्कर आलं आणि चिमूरच्या बायकांवर अनन्वित अत्याचार झाले. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या पुढे जन्मठेपेत बदलाव्यात म्हणून देशभर आवाज उठला.

चिमूरचा विषय निघाला की या भागात दुसरं नाव ओघानेच येतं, ते तुकडोजी महाराजांचं. २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूर इथल्या तुरुंगांत राहून ते २ डिसेंबरला सुटले. सरकारच्या लेखी त्यांच्यावरचा आक्षेप एका वाद्याशी जोडलेला होता. ते वाद्य म्हणजे ज्याच्या तालावर ते भजनं गायचे, ती खंजिरी.

महाराज १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत झाली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या हे नाव दिलं. उमेदीची वर्षं मात्र त्यांनी जंगलात काढली. चिमूर परिसरातल्या रामदिघी आणि गोंदेडा इथे त्यांनी साधना केली. गोंदेड्याची गुंफा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखली जाते. म्हणजे १९४२च्या आधीपासून या मुलखाला हा माणूस परका नव्हता. लोकांनी त्याला आधी साधक म्हणून पाहिलं, नंतर गाताना ऐकलं. हिंदीत आणि मराठीत, स्वतः रचलेलं आणि खेड्यातल्या माणसाला पहिल्या ऐकण्यात कळेल असं तो गायचा. १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला महिनाभर राहून आले होते. अशा गायकाच्या भजनांतून चिमूरकरांना इंग्रजांशी दोन हात करायचं बळ मिळालं, असं स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास अभिमानाने सांगतो.

हा अभिमान रास्तच आहे. पण त्यातून उभा राहणारा धर्माचा प्रश्न आपण फारसा विचारात घेत नाही. देवासाठी असलेलं गाणं माणसांना जागं करायला वापरलं, तर ते भजन उरतं का? आणि जागी झालेली माणसं पुढे जे करतात, त्यातलं गायकाच्या वाट्याला किती येतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या परंपरेने केव्हाच दिलेलं आहे, तरी आक्षेप काही संपत नाहीत. नामात दुसरा हेतू मिसळला की भक्ती गढूळ होते, असं मानणारे श्रद्धाळू आजही भेटतात. दारू, हुंडा, गावातली घाण हे विषय सभेत बोलावेत, टाळ-मृदंगाच्या संगतीला ते कशाला, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही म्हणावं लागतं, की संत एकनाथांनी भारुडात जोशी, वासुदेव, गोंधळी उभे केले तेव्हाच हा वाद निकालात निघाला होता. रस्त्यावरचं जगणं भक्तीच्या बाहेरचं नाही, हे त्यांनी रचून, गाऊन दाखवलं. तुकडोजी महाराज त्याच वाटेने आणखी पुढे गेले. त्यांच्या लेखी गाव हाच देव. मग गावाच्या गटारावरचं भजन हे देवाचंच भजन ठरतं.

दुसरा प्रश्न जड आहे. तो समजून घ्यायला भजन या कलेची घडण पाहावी लागते. नाटकाचा प्रेक्षक वीररसाचा आस्वाद घेतो आणि घरी जातो. अभिनवगुप्ताच्या रसविचारात मनातला उत्साह व्यक्तीच्या स्वार्थापासून सुटतो, म्हणून तो चाखता येतो. रंगमंचावरचं युद्ध पाहून कोणी तलवार उपसत नाही. भजनाला मात्र प्रेक्षकच नसतो. गायक चरण म्हणतो आणि ध्रुपद समोरच्यांच्या तोंडी असतं. एकच ओळ वीस वेळा, पन्नास वेळा, दर खेपेला लय चढवत लोक म्हणतात. शेवटी शेवटी ती ओळ गायकाची राहत नाही. ज्याने म्हटली त्याची होते. भजनाची सारी ताकद यातच आहे, आणि गायकाची जबाबदारीही इथेच वाढते. कारण दुसऱ्याच्या शब्दांवर माणूस शंका घेऊ शकतो. स्वतःच्या तोंडून वारंवार निघालेल्या शब्दांवर शंका घेणं फार अवघड असतं.

आयर्लंडचा कवी डब्ल्यू. बी. येट्स या प्रश्नाने म्हातारपणी अस्वस्थ झाला होता. त्याचं देशभक्तीचं नाटक १९०२ साली रंगमंचावर आलं. १९१६च्या आयरिश बंडात सामील झालेल्या काहींना इंग्रजांनी गोळ्या घातल्या. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या एका कवितेत त्याने स्वतःलाच विचारलं, की त्या माणसांना मृत्यूकडे माझ्या नाटकाने तर धाडलं नाही ना? उत्तर त्याला सापडलं नाही. पण प्रश्न विचारला, यातच त्याचा मोठेपणा दिसतो.

चिमूरच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. भजनामुळे क्रांती झाली असं सरसकट म्हटलं की चिमूरच्या माणसांवर अन्याय होतो. ती काही वाऱ्यासरशी पेटणारी पाचोळ्याची रास नव्हती. नेते तुरुंगात गेले होते, देशभर ठिणगी पडली होती, आणि गोळ्या चालल्या तेव्हा समोर एक मूल पडलं होतं. त्या दिवशी जे झालं ते त्यांनी ठरवून केलं, सोसलंही त्यांनीच. लष्कराच्या अत्याचारांचा दोष तर कोणत्याच गाण्यावर जात नाही. तो अत्याचार करणाऱ्यांचाच. तरीही चार माणसं जमावाच्या हातून मेली. अहिंसेच्या आश्रमात महिनाभर राहिलेल्या साधूच्या आयुष्यात ही गोष्ट किरकोळ म्हणून बाजूला सारता येत नाही.

महाराजांनी याबद्दल मनात काय उत्तर दिलं, ते त्यांच्या पुढच्या कामातून वाचावं लागतं. सामुदायिक प्रार्थना आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळ यांच्यामागे त्यांनी आपलं आयुष्य लावलं. प्रार्थनेत गावातले बाप्ये, बाया, पोरं रांगेत बसतात, ठरल्या वेळी सुरू करतात, ठरल्या वेळी उठतात. तिथे जातीप्रमाणे जागा नसते. भजनात लय चढत जाते. प्रार्थनेत मन खाली बसतं. एकाच माणसाने दोन्ही दिलं, हे फार महत्त्वाचं आहे.

त्याहून मोठं उत्तर १९५५ साली आलं. ग्रामगीता हा ४१ अध्यायांचा, साडेचार हजारांहून जास्त ओव्यांचा ग्रंथ. त्यात आरोग्य आहे, शिक्षण आहे, बायकांची उन्नती आहे, सण-उत्सव आहेत आणि भजनाच्या प्रभावावर एक वेगळा अध्यायही आहे. भजनाचा एवढा मोठा गायक भजनावरच थांबून विचार करतो, ही साधी बाब नव्हे. या ग्रंथाची मांडणीही पाहण्यासारखी आहे. इथे श्रोता जागोजाग उठून शंका विचारतो. कधी भाबडी, कधी बोचरी. वक्त्याला त्याचं समाधान करावं लागतं आणि मगच पुढे जाता येतं. १९४२च्या भजनात श्रोत्याच्या तोंडी ध्रुपद होतं. १९५५च्या ग्रंथात त्याच्या तोंडी प्रश्न आहे. कलेने समाज जागा करणाऱ्या शिक्षकाचा हा प्रवास चिमूरच्या पराक्रमापेक्षाही जास्त अभ्यासावा असा आहे, आणि त्याची चर्चा मात्र फार थोडी होते.

श्रोत्याला असं बोलतं करणं गाडगेबाबांनी कीर्तनातच साधलं होतं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत जायचं. उत्तर लोकांनी द्यायचं, चुकलं तर पुन्हा विचारायचं. त्यात ऐकणाऱ्याला गप्प बसायची मुभा नव्हती आणि नुसतं डोलायचीही नव्हती.

चंद्रपूर-गडचिरोलीत आज या परंपरेचा मोठा वारसा झाडीपट्टी रंगभूमीकडे आहे. धान घरात आलं, मंडई भरल्या की नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे या कंपन्यांचं ठाणं. रात्रभर चालणाऱ्या नाटकांत दारूने उद्ध्वस्त झालेलं घर, हुंडा, कर्जात बुडालेला शेतकरी हे विषय येतात आणि मांडवातल्या बाया पदराने डोळे पुसतात. पण अश्रू म्हणजे जागृती नव्हे, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातही ती व्हावी म्हणून डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेच्या पुढाकाराने हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. कायदा आला आणि गेला, पण त्या बायकांनी स्वतः प्रश्न केला होता आणि सरकारला उत्तर द्यायला लावलं होतं.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका त्यांच्या नावावर आहेत. नक्षलवादाच्या वाटेला लागलेल्या तरुणांच्या पुनर्वसनासाठीही त्यांनी काम केलं. या दुसऱ्या कामाला गडचिरोलीत विशेष अर्थ आहे. कारण दंडकारण्याच्या जंगलात माओवाद्यांनीही चेतना नाट्य मंच नावाची पथकं चालवली. ढोल तोच, नाच तोच, गावातल्या पोरांना ओळखीच्या चाली. अन्यायाची जाणीव तिथेही गाण्यानेच करून दिली जात होती, आणि तो अन्याय पुष्कळदा खरा होता. पण त्या गाण्यांनी जंगलात नेलेल्या मुला-मुलींना मध्येच हात वर करून विचारता येत होतं का, की हे कुठवर न्यायचं, समोरचा शिपाई कोणाचा मुलगा आहे, आणि मला परत घरी जायचं असेल तर? नाटकाच्या मांडवात, भजनी मंडळात, शाळेच्या स्नेहसंमेलनात जे शिक्षक आज या दोन जिल्ह्यांत पोरांना गायला शिकवतात, त्यांनी त्यांना हेही विचारायला शिकवायला हवं.