मातीचे कर्ज



तेल्हाऱ्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, विहिरीचे पाणी गोड आहे. दक्षिणेला पूर्णा नदीकडे निघालो की पाणी खारट होत जाते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा आपला खारपाणपट्टा.

इथली माती काळीभोर दिसते, पण तिच्यात सोडियमचे क्षार आहेत. त्यात खाऱ्या पाण्याचे ओलीत झाले की ते वाढतात. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, बारीक छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. जमीन चोपण होते.

आता प्रश्न असा. हरभरा सुकतो आहे. बोअरला पाणी आहे, पण खारे. एक ओलीत दिले तर यंदाचे पीक हाती लागेल. मीठ मात्र मातीतच राहील. द्यावे का ते पाणी?

कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला दोष देणे सोपे आहे. आम्हाला तो अधिकार नाही. लेकरांच्या तोंडचा घास आधी, हे आम्हीही मानतो. पण कोणती लेकरे? आज ताटावर बसलेली, की वीस वर्षांनी त्याच वावरात पेरणी करणारी?

सातबाऱ्यावर नाव आले म्हणजे जमीन कसण्याचा हक्क मिळाला. नासवण्याचा नव्हे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वर जमीन आपली म्हणतो, माणसाला तिच्यावरचा उपरा म्हणतो आणि सातव्या वर्षी तिला विसावा द्यायला सांगतो.

म्हणून आम्हाला वाटते, अडलेल्याने खारे पाणी दिले तर ते मातीचे कर्ज समजावे आणि बँकेच्या कर्जासारखेच फेडावे. फेडीचे मार्ग आहेत. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मग चांगला निचरा असेल तर पावसाच्या पाण्याबरोबर क्षार खाली उतरतात. धैंचा पेरून फुलावर येण्याआधी गाडला तर माती भुसभुशीत होते. शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवले तर खाऱ्या बोअरकडे वळण्याची वेळ कमी येते. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात या मातीचा अभ्यास होत आला आहे. माती परीक्षण करून, तिथला सल्ला घेऊनच जिप्समचे प्रमाण ठरवावे.

मात्र ही फेड एका हंगामात होत नाही आणि एकट्याने होत नाही. निचऱ्याचा चर शेजाऱ्याच्या वावरातून जातो. त्याने वाट दिली तरच पाणी निघते. एका वर्षाच्या ठोक्याने वावर घेणारा पुढच्या वर्षासाठी जिप्सम का टाकील? आपण जमीन ठोक्याने देत असू, तर ठोका चार-पाच वर्षांचा करावा आणि जिप्समचा निम्मा खर्च आपण उचलावा. मातीवरचे प्रेम असेही दाखवता येते.

उन्हाळ्यात ठोक्याची बोलणी होतात. त्या वेळी एवढे आठवावे.