पान चुरगाळून पाहावं

"चाफ्याचा वास येतोय, पण झाड कुठंय?" एप्रिलमधल्या एका सकाळी शेजारच्या काकू अंगणात येऊन म्हणाल्या. कुंपणाजवळच्या उघड्या मातीकडे बोट दाखवलं तरी त्यांना खरं वाटेना. पान नाही, देठ दिसत नाही, जमिनीतून थेट वर आलेली पांढरी-जांभळी फुलं. जूनमध्ये त्याच जागी रुंद पानं आली, तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "ही तर हळदीच्या जातीची दिसतायत. मग वास चाफ्याचा कसा?" झाडाचं नाव लगेच कळलं, भुईचाफा. पण नाव कळल्याने काकूंचा प्रश्न सुटत नव्हता, आणि तो माझ्या मनातून जाईना.

फोनचा कॅमेरा पानावर धरला की नाव मिळतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर वाद घालत नाही. पण परसातली बरीचशी सुवासिक झाडं बिननावाची येतात. कुणी माहेरून ओल्या फडक्यात फांदी आणलेली असते, दुसऱ्याच झाडाच्या मातीतून एखादा कंद आलेला असतो, रोपवाटिकेतली चिठ्ठी पहिल्या पावसात गळून गेलेली असते. अशी झाडं नाकानेच ओळखावीत, असं माझं ठाम मत होतं. ज्या गुणासाठी झाड लावलं, त्याच गुणावरून ते ओळखू नये, हे मला अन्यायाचं वाटायचं.

या मताचा सर्वांत मोठा विरोधक वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस. १७५१ सालच्या 'फिलॉसॉफिया बोटॅनिका'त त्याने बजावून ठेवलं की वासावरून जात कधीच स्पष्ट ठरत नाही. पुंकेसर मोजता येतात, वास मोजता येत नाही. मला याचा राग येई. याच माणसाने पुढच्याच वर्षी औषधी द्रव्यांच्या वासांचे सात वर्ग पाडले, म्हणजे वासाला त्याच्या लेखी किंमत नव्हती असं नाही. शिवाय आपल्याकडची कितीतरी झाडं त्याने कधी जिवंत पाहिलीच नव्हती. सोनचाफ्यासाठी त्याने 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचा आधार घेतला.

त्या ग्रंथाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोचीचा डच अधिकारी व्हान रीड याने तो करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. झाडांची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी जाणकारांनी. या तिघांची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. ही माणसं झाडांमध्ये वावरलेली होती. कोणतं फूल कोणत्या प्रहरी घमघमतं, कोणत्या मुळाला कसला दर्प येतो, हे त्यांच्या रोजच्या कामातलं ज्ञान. कागदावर त्यातलं चित्र उतरलं आणि गुणधर्म उतरले. खुद्द वास मात्र मागेच राहिला. लिनियसच्या नियमाला उत्तर द्यायला या तिघांपैकी कुणीतरी समोर हवा होता, असं मला फार वाटतं.

तर मी त्यांच्या बाजूने वाद मांडायला बसले. पुरावा म्हणून चाफेच घेतले. सोनचाफा, हिरवा चाफा, देवचाफा, नागचाफा, भुईचाफा. पाच झाडं, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात पाच वेगवेगळी कुळं. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, देवचाफा कण्हेरीच्या, भुईचाफा हळदीच्या. आपल्या लोकांनी डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवून ही वर्गवारी केली, असं मला म्हणायचं होतं. पण फुलाला वास असतो कशासाठी, हा प्रश्न मध्ये आला आणि माझी बाजू ढासळू लागली.

फुलाचा वास कीटकांना बोलावण्यासाठी असतो. निशिगंध मूळचा मेक्सिकोतला, रातराणी वेस्ट इंडीजकडची, सोनटक्का हिमालयाच्या पायथ्याचा. एकमेकांशी काही नातं नाही. तरी तिघांची फुलं पांढरी किंवा फिकट आणि तिघांचा वास दिवस मावळल्यावर वाढतो, कारण तिघांनाही रात्री उडणारे पतंग हवे असतात. म्हणजे फुलाच्या वासावरून कळतं ते पाहुणा कोण येणार एवढंच. यजमानाचं कुळ कळत नाही. देवचाफा तर असा, की वास भरपूर आणि फुलात मध नाही; पतंग वासाला भुलून येतो आणि परागकण घेऊन रिकाम्या तोंडी जातो. त्यात आपलं नाकही सारखं नसतं. बीटा-आयोनोन नावाचा एक सुगंधी रेणू काहींना फुलासारखा वाटतो आणि काहींना फारसा जाणवत नाही. हा फरक मुख्यतः एका जनुकामुळे पडतो. फुलाच्या वासापुरतं लिनियसचं म्हणणं मला मान्य करावं लागतं.

पण झाडाला दुसराही वास असतो. पानात, सालीत, कंदात साठवलेला. हा हाकलणारा वास, खाणाऱ्याला दूर ठेवण्यासाठी. झाडाने तो वाडवडिलांकडून घेतलेला असतो, म्हणून तो बराचसा कुळाबरोबर चालतो. कामिनीचं फूल हुंगा, कुणीही मोगऱ्याच्या नात्यातलं म्हणेल. मग पान चुरगाळा. लिंबाच्या कुळाचा झणका येतो, आणि तेच पान उजेडासमोर धरलं की तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात, जसे लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या पानात दिसतात. तुळस, मरवा, पुदिना, पानओवा ही एकाच कुळातली; त्यांचे वास वेगळे असले तरी सगळ्यांच्या पानांना एक तिखट सुगंध आहे, आणि बोटांनी चाचपलं तर खोड चौकोनी लागतं. सोनटक्क्याचा कंद मोडला की आल्याची आठवण येते. काकूंच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. भुईचाफ्याचं फूल काहीही सांगो, त्याच्या कंदाला हळद-आल्याच्या घराण्याचा कापरासारखा दर्प आहे.

म्हणून बिननावाचं सुवासिक झाड समोर आलं की मी आता फूल शेवटी हुंगते, आधी पान चुरगाळते. पान मोडल्यावर पांढरा चीक निघाला तर तिथेच थांबावं, बोट तोंडात घालू नये. देवचाफा आणि तगर याच चिकाच्या कुळातले, आणि विषारी कण्हेरही त्यातलीच. डबल तगर कधी कधी अनंत म्हणून विकली जाते. चीक पाहिला की तो घोळ लगेच मिटतो, अनंताला चीक नसतो.

पानाचा वासही कधी फसवतो. गवती चहाला लिंबाचा वास येतो आणि तो तर गवत आहे; सिट्रल हे एकच द्रव्य दोघांनी आपापल्या वाटेने तयार केलं आहे. मोगऱ्याच्या गोतावळ्यात पानाला वासच नाही. तिथे नाक बाजूला ठेवून लिनियससारखं मोजतच बसावं लागतं : मोगऱ्याचं पान एकसंध, जाईच्या पानात पाच, सात किंवा नऊ पर्णिका, आणि जुईच्या मुख्य पर्णिकेखाली दोन्ही बाजूंना कानांसारख्या दोन बारक्या पर्णिका, ज्या पुष्कळदा नीट वाकून पाहिल्याशिवाय दिसतही नाहीत.