क्रेटचा खालचा थर

पुणे–नाशिक महामार्गावर, नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मधे पिंपळवंडी आहे. तिथल्या काही टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली. कोणाचे किती क्रेट गेले, भाव काय लागला, कोणाची किती उचल बाकी, हे वह्यांत मावेना. मग हिशेब संगणकावर न्यायचं ठरलं. डेटाबेस निवडला पोस्टग्रेस. बर्कलीच्या विद्यापीठात 1986 साली त्याची सुरुवात झाली. आज तो जगभर चालतो आणि परवान्याचा एक रुपयाही मागत नाही. प्रश्न उरला मशिनचा.

दोन मशिनं समोर होती. एक नवंकोरं, गेम खेळणाऱ्यांसाठी बांधलेलं. दुसरा पुण्याहून आणलेला जुना सर्व्हर, घरघर आवाज करणारा. कंपनीचा कारभार बघणाऱ्या काकांचा धाकटा पुतण्या कॉम्प्युटर शिकलेला, म्हणून चाचणी त्याच्याकडे आली.

त्यानं पीजीबेंच चालवलं. तात्सुओ इशिई या जपानी प्रोग्रामरनं लिहिलेलं हे साधन पोस्टग्रेससोबतच येतं. ते खोटी खाती तयार करतं, त्यांवर देवघेव करत राहतं आणि सेकंदाला किती व्यवहार झाले ते सांगतं. धाकट्यानं स्केल 10 ठेवलं, म्हणजे दहा लाख खाती, सुमारे दीडशे एमबी. चाचणी एका मिनिटाची. वर कुठंतरी वाचून एफसिंक नावाची सेटिंगही बंद केली. नव्या मशिननं जुन्याला कितीतरी मागं टाकलं. पोरगं आकडा घेऊन काकांकडे धावलं.

काका म्हणाले, "ताईला दाखव, मग पैसे मोजू."

धाकट्याची ताई पुण्यात डेटाबेसवरच काम करायची. सुट्टीला आली तेव्हा तिनं आकड्याकडे नंतर पाहिलं, आधी विचारलं, "डेटा केवढा घेतलास? रॅम किती?"

"रॅम 16 जीबी."

"मग सगळा डेटा रॅममध्येच बसला. वाचायला डिस्कपर्यंत जायची गरजच पडली नाही. आणि पोस्टग्रेस दर पाच मिनिटांनी चेकपॉइंट घेतो, साठलेलं लिखाण डिस्कवर उतरवतो. तू त्याच्या आधीच थांबलास. पीजीबेंच कुठं चालवलंस?"

"त्याच मशिनवर."

"म्हणजे मोजणाऱ्यानंही प्रोसेसर खाल्ला. आणि एफसिंक बंद केलंस तर नोंद डिस्कवर पोचायच्या आधीच 'झालं' असं उत्तर मिळतं. मधे वीज गेली की?"

धाकट्याचा चेहरा उतरला. "ताई, मग माझा आकडा खोटा?"

"आकडा खरा आहे रे. फक्त तो सोप्या दिवसाचा आहे."

दोघांनी पुन्हा मांडणी केली. स्केल 3000 घेतलं, तीस कोटी खाती, साधारण 45 जीबी. पीजीबेंच वेगळ्या लॅपटॉपवर ठेवलं. क्रेटच्या नोंदीसाठी लागणारी स्वतःची एसक्यूएल त्याला दिली. एफसिंक चालू केलं. दोन्ही मशिनांवर एकच आवृत्ती, त्याच सेटिंग्ज आणि प्रत्येक बदल कागदावर. चाचणी रात्रभर चालू ठेवली.

पहिल्या काही मिनिटांत नवं मशिन पुढं होतं. मग त्याच्या साध्या एसएसडीतली लिहिण्याची जलद जागा भरली आणि वेग कोसळला. जुना सर्व्हर पहाटेपर्यंत एकाच चालीनं चालला. त्याच्या ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावरही हातातलं लिखाण पुरं करतील एवढे कपॅसिटर होते. त्यामुळं प्रत्येक नोंद पक्की झाल्याची पावती तो लगेच देऊ शकत होता.

शेवटी ताईनं नव्या मशिनवर धाकट्याचीच मूळ सेटिंग लावली, चाचणी सुरू केली आणि चालू कामात प्लग उपटला. मशिन पुन्हा उठलं, डेटाबेस उठला नाही. एफसिंक चालू असलेल्या जुन्या सर्व्हरचा प्लग उपटला, तर त्यानं लॉग वाचून झालेला प्रत्येक व्यवहार परत उभा केला.

काका हे सगळं बघत होते. म्हणाले, "नारायणगावच्या बाजारात शहाणा व्यापारी क्रेटचा वरचा थर बघून बोली लावत नाही. हात घालून खालचा माल वर काढतो. पोरा, तू वरचाच थर मोजला होतास."

कंपनीनं जुना सर्व्हर घेतला, सोबत यूपीएस घेतला आणि रोजच्या बॅकअपची सोय केली. चाचणीचा कागदही फाईलला लावला, कारण पुढच्या मशिनची तुलना त्याच्याशीच करायची होती. तो कागद धाकट्याच्याच हातचा होता.

तात्पर्य : परीक्षा सोपी ठेवली तर कोणीही पहिला येतो. ज्या दिवशी काम बिघडू शकतं, त्या दिवसासारखी परीक्षा घ्या आणि मगच पैसे मोजा.