प्रेमाची पावती

फ्रान्झ लिस्ट १८४१ च्या डिसेंबरात बर्लिनला पियानो वाजवायला आला आणि पुढचे दोन महिने त्या शहराचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. त्याचे हातमोजे आणि हातरुमाल मिळवायला बायका भांडल्या. त्याने टाकलेलं चिरुटाचं थोटूक एकीने उचलून लॉकेटमध्ये जपलं, अशी आख्यायिका आहे. पॅरिसमध्ये राहणाऱ्या कवी हायनेने या बातम्या फारशा मनावर घेतल्या नाहीत. जर्मनीत राजकारणावर तोंड उघडायची सोय नाही, म्हणून लोक पियानोवर भागवतात, असं त्याला वाटलं. पण १८४४ साली पॅरिसमधले मुरलेले श्रोतेही लिस्टपुढे तसेच वेडावले, तेव्हा हायनेने या प्रकाराला रोगासारखं नाव दिलं, लिस्टोमेनिया, आणि कारण विचारायला गाठलं ते एका स्त्रीरोगतज्ज्ञाला. डॉक्टरसाहेब गूढ हसून चुंबकत्व, वीज, कोंदट सभागृह, मेणबत्त्या, घाम आणि अत्तर असं काहीबाही सांगत राहिले.

हायनेने त्याच लेखात आणखी एक शंका नोंदवली आहे. आपल्या यशाची व्यवस्था कशी लावावी हे लिस्टइतकं कोणालाच कळत नाही, आणि सगळ्या जादूचं मूळ कदाचित तेवढंच असेल. म्हणजे वेड लागतं, की लावलं जातं? प्रश्न मार्मिक होता, पण लोकांनी रोगाचं नाव तेवढं उचललं आणि प्रश्न तिथेच पडून राहिला.

तो पुन्हा हाताला लागला १९५६ मध्ये. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीचे श्रोते आणि पडद्यावरची माणसं यांच्यातल्या एकतर्फी ओळखीवर एक निबंध लिहिला. त्यातलं एक उदाहरण विलक्षण आहे. 'लोनसम गॅल' या नावाने एक बाई रेडिओवर बोलायची, अशा लाडिक आवाजात की ऐकणाऱ्या प्रत्येक एकट्या पुरुषाला वाटावं, ही फक्त माझ्याशीच बोलतेय. तिला ढिगांनी पत्रं यायची, लग्नाच्या मागण्याही. हॉर्टन आणि वोल या पुरुषांना वेडे म्हणत नाहीत. असं दूरचं जवळपण बहुतेकांच्या आयुष्यात असतं, ते खऱ्या नात्यांची जागा घेऊ लागलं तरच काळजी करावी, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ही जवळीक तयार केली जाते, प्रेक्षकाने कसं वागावं याचे धडे त्याला कार्यक्रमातूनच मिळतात, हेही त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं.

पण मग १९८० उजाडलं. आठ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननने एका चाहत्याला सही दिली आणि काही तासांनी त्याच माणसाने त्याला गोळ्या घातल्या. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीला तिच्या दाराशी येऊन एका चाहत्याने मारलं, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पाठलागाविरुद्ध कायदा केला. त्या दशकात चाहता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: एकटा, भणंग, खिशात पिस्तूल.

याला पहिलं नेटकं उत्तर जोली जेन्सन या अभ्यासिकेने १९९२ मध्ये दिलं. तिचा मुद्दा वर्गाचा होता. प्राध्यापक एखाद्या कवीवर आयुष्य घालवतो तेव्हा तो व्यासंग ठरतो आणि गिरणीतली पोरगी एखाद्या गायकावर जीव टाकते तेव्हा मात्र ती विकृती, असं का? आपल्याकडे हे सहज पटावं. सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालायचा त्या काळात डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसणाऱ्याला कोणी मानसोपचार सुचवला नाही. १९९२ मध्येच हेन्री जेन्किन्सने 'स्टार ट्रेक'सारख्या मालिकांच्या चाहत्यांवर पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की हे लोक नुसते बघे नाहीत. ते कथा पुढे नेतात, पात्रं आपलीशी करतात. चाहत्याला माणसात आणलं ते या दोघांनी. मला ही मांडणी आवडते, पण तिच्यात एक भाबडेपण होतं. चाहत्यांच्या या खटाटोपातून उद्या कोणीतरी पैसा काढेल, हे तिच्या गावी नव्हतं.

तो पैसा सगळ्यात पद्धतशीरपणे काढला दक्षिण कोरियाने. पण त्याकडे वळण्याआधी तिथला जुना अतिरेक पाहू. तिथल्या पॉप संगीतात कलाकारांच्या खाजगी आयुष्यात घुसणाऱ्या चाहत्यांना 'सासेंग' म्हणतात. सोलमध्ये अशा मुलींना गायकांच्या गाडीमागे पळवणारे टॅक्सीवाले होते. २०१२ मध्ये जेवायजे या त्रिकुटाने या मुलींना शिवीगाळ केल्याची जुनी ध्वनिफीत बाहेर आली. कार्यक्रमासाठी चिलीला गेलेल्या त्या गायकांनी तिथेच पत्रकार परिषद घेऊन माफी मागितली. वर्षानुवर्षं पाठलाग सोसून माफीही त्यांनीच मागायची! शिव्या समर्थनीय नव्हत्याच, पण पाठलाग हा कोरियात फार तर किरकोळ दंडाचा गुन्हा होता. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा स्वतंत्र कायदा अंमलात यायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला.

सासेंग समजायला तुलनेने सोपी आहे. ती लेननच्या मारेकऱ्याची नाही तरी लोनसम गॅलच्या श्रोत्याची दूरची नातलग. मला अधिक विचारात पाडते ती तिच्यानंतरची जात. ही माणसं कोणाच्या दाराशी लपत नाहीत. ती उघडपणे येतात, संघटित असतात, आणि हातात पावत्या असतात.

पावत्या कशाच्या? कलाकाराच्या सहीच्या कार्यक्रमात जायला सोडत असते. जितके अल्बम घ्याल तितक्या तुमच्या चिठ्ठ्या जास्त. म्हणून एकच माणूस एकाच गाण्यांच्या शेकडो प्रती घेतो. २०१६ मध्ये 'प्रोड्यूस १०१' हा टीव्ही कार्यक्रम आला. त्यात १०१ मुलींमधून ११ निवडायच्या होत्या, प्रेक्षकांच्या मतांवर. या प्रेक्षकांना अधिकृत संबोधन होतं 'राष्ट्रीय निर्माते'. मुली त्यांच्यापुढे वाकून नमस्कार करत. तुम्ही मालक आहात, असं इतक्या स्पष्टपणे चाहत्याला याआधी कोणी सांगितलं नसेल. पुढे २०१९ मध्ये या मतमोजणीत हेराफेरी झाल्याचं उघड झालं आणि खऱ्या निर्मात्याला दोन वर्षांची कैद झाली. मालकी खोटी निघाली. मालकीची चटक मात्र लागून राहिली.

२०२० मध्ये 'बबल' नावाचं ॲप आलं. महिन्याची वर्गणी भरा आणि तुमचा लाडका कलाकार तुम्हाला मेसेज पाठवेल. तो एकदाच लिहितो, जातो हजारोंना. पण तुमच्या फोनवर ते दोघांतलंच बोलणं दिसतं, आणि हाक मारायच्या जागी तुमचं लाडकं नाव आपोआप बसतं. तुम्ही उत्तर किती लांब लिहू शकता, हे सलग किती दिवस वर्गणी भरली त्यावर ठरतं. लोनसम गॅल निदान फुकट बोलायची.

या व्यवहाराचं टोक चीनमध्ये दिसलं. २०२१ मध्ये तिथल्या एका स्पर्धेसाठी मत द्यायचा कोड दुधाच्या बाटलीच्या झाकणात छापला होता. झाकणं काढून घेऊन दूध गटारात ओतलं जात असल्याची चित्रफीत पसरली. अंतिम फेरी रद्द झाली, आणि त्या ऑगस्टमध्ये सरकारने कलाकारांच्या क्रमवाऱ्यांवर आणि चाहत्यांच्या वर्गण्यांवर बंदी आणली.

आता कोरियातल्या २०२४ च्या दोन घटना या सगळ्याशेजारी ठेवून पाहा. एस्पा गटातल्या करिनाचं एका अभिनेत्याशी जमल्याची बातमी आली. चाहत्यांनी तिच्या कंपनीसमोर फलक लावलेला ट्रक उभा केला. आमचं प्रेम पुरेसं नव्हतं का, असा सवाल, आणि सोबत विक्री घसरण्याची धमकी. करिनाने हाताने माफीपत्र लिहिलं. त्याच कंपनीच्या राईझ गटातला सुंगहान, पदार्पणापूर्वीचे खाजगी फोटो फुटल्यामुळे दूर ठेवलेला, ऑक्टोबरमध्ये परत येणार असं जाहीर झालं. चाहत्यांनी इमारतीबाहेर अंत्ययात्रेची पुष्पचक्रं रांगेने मांडली. दोन दिवसांत तो गट सोडून गेला.

यात उन्माद कमी आणि हिशोब जास्त आहे. हे लोक करिनाला आपली प्रेयसी समजत नव्हते. आपण पैसे मोजलेला माल सांगितल्याप्रमाणे मिळाला नाही, अशी ती तक्रार होती. हायनेच्या प्रश्नाला एकशे ऐंशी वर्षांनी मिळालेलं उत्तर मला इथे दिसतं. जवळीक विकायला काढली की तिचा ग्राहक तयार होतो, आणि अतिरेकी चाहता हा जाहिरात शब्दशः खरी मानणारा ग्राहक आहे.

या माझ्या म्हणण्याला एक मर्यादा आहेच. वर्गणी लाखो जण भरतात, पुष्पचक्र थोडेच पाठवतात. परदेशातल्या कितीतरी चाहत्यांनी तर सुंगहानच्या बाजूने उलटा बहिष्कार पुकारला. कंपनीला दोष देऊन पुष्पचक्र पाठवणाऱ्या हाताची जबाबदारी संपत नाही. पण त्या हाताला नुसतं वेडं म्हणून मोकळं होणं ही शुद्ध सोय आहे, आणि ती सगळ्यात जास्त कंपनीच्या पथ्यावर पडते.

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या तीन शाळकरी मुली पुण्याच्या बसमध्ये बसल्या. पुण्यात काम करायचं, पैसे साठवायचे आणि कोरियाला जाऊन बीटीएस या पॉप गटाला भेटायचं, असा बेत होता. त्यासाठी स्वतःच्या अपहरणाचा बनावही रचला होता. पोलिसांनी त्यांना वाटेतच शोधलं. बातमी वाचून लोक हसले. मला त्यात पैसे साठवायचा भाग महत्त्वाचा वाटला. भेट विकत मिळते, एवढं त्या पोरींना नेमकं कळलं होतं.

सुंगहानचं पुढे काय झालं? २०२५ मध्ये त्याच कंपनीने त्याला स्वतंत्र कलाकार म्हणून बाजारात आणलं. गटाचे अल्बम पुष्पचक्रवाल्यांसाठी, त्याचे अल्बम बहिष्कारवाल्यांसाठी. गल्ला एकच.