थडग्यावरचा 'मी'

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हा संकेत बहुतेक सर्व समाजांत आढळतो. रावण पडल्यावर त्याची उत्तरक्रिया करावयास बिभीषण कचरू लागला, तेव्हा वैर मरणापर्यंतच असते असे सांगून रामाने त्याला ती करावयास लावली, ही कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु वैर संपणे निराळे आणि सत्य संपणे निराळे. शत्रुत्व मिटले म्हणून मृताच्या अवगुणांवरही पडदा टाकलाच पाहिजे काय? रुमानियाच्या उत्तर टोकाला, मारामुरेश भागात, तिसा नदीजवळ सपन्त्सा नावाचे एक खेडे आहे. तेथील लोकांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर लाकडावर कोरलेले आहे.

गावातील चर्चच्या सभोवारच्या दफनभूमीत आठशेंहून अधिक क्रूस उभे आहेत. ते दगडी नाहीत, ओक वृक्षाच्या लाकडाचे आहेत. वर लहानसे छप्पर, आणि सगळ्यांवर एकच गडद, डोळ्यांत भरणारा निळा रंग. प्रत्येक क्रूसावर मृताचे रंगीत चित्र कोरलेले असते : कोणी मेंढ्या राखीत आहे, कोणी सूत कातीत आहे, कोणी लाकूड तोडीत आहे. खाली गावच्या बोलीतील यमकबद्ध ओळी असतात, आणि बहुधा त्या मृताच्याच तोंडी घातलेल्या असतात. हे काम स्तान योआन पत्राश या गावच्याच सुताराने 1935 च्या सुमारास सुरू केले. 1908 साली जन्मलेला हा माणूस 1977 साली मरेपर्यंत क्रूस घडवीत राहिला. पुढे त्याच्या शिष्याने ती परंपरा चालविली. या जागेला 'आनंदी दफनभूमी' असे नाव पडले आहे.

विशेष हे, की पत्राशच्या ओळींत मृताची स्तुती असेलच असे नाही. दारूपायी जीव गमावलेला मनुष्य दारू म्हणजे विष असल्याचे स्वतःच सांगतो, आणि चित्रातही बाटली असतेच. आपल्याकडील वीरगळ आठवून पाहावेत. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर तर नौकांचे युद्ध कोरलेले आहे. परंतु तो वीर घरी कसा वागत होता, हे कोणताही वीरगळ सांगत नाही. एका क्षणाच्या शौर्याने उरलेले सर्व आयुष्य झाकून टाकावे, हीच त्या शिल्पाची नीती आहे. सपन्त्सातील सुताराला ती मान्य नव्हती.

सरकारी सेवेत आयुष्य गेलेल्या वाचकांना या भेदाचे मर्म चटकन उमगेल. आपणही सहकाऱ्यांविषयी दोन प्रकारचे मजकूर लिहीत आलो : एक गोपनीय अहवाल, दुसरे निरोपसमारंभाचे भाषण. पहिल्यात दोष येतात, पण ते कुलुपात राहतात. दुसरे चारचौघांत होते, पण त्यावर वक्त्याचाही विश्वास नसतो. पत्राशने गोपनीय अहवाल चव्हाट्यावर मांडला, आणि तोही प्रथमपुरुषी एकवचनात!

येथेच माझ्या मनात शंका उभी राहते. 'मी पीत होतो' असे जिवंतपणी जो कधीही म्हणाला नसेल, त्याच्या तोंडी मरणानंतर ते घालणे ही कबुली की आरोप? कबुली द्यायची की नाही, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य असेल तरच तिला कबुलीचे मोल असते. मृताला ते कोठून असणार? त्या मानाने एका सासूच्या क्रूसावरील ओळी मला अधिक प्रामाणिक वाटतात. तेथे मागे राहिलेले माणूसच उघडपणे बोलते : ही आणखी तीन दिवस जगती, तर मी येथे पडलो असतो आणि वाचणारी ती असती. वाचणारा हसतो, परंतु बोलणारा कोण, याविषयी त्याची फसवणूक होत नाही.

तरीही एक गोष्ट पत्राशच्या बाजूने मांडली पाहिजे. त्या खेड्यात दारुड्याचे दारूपण कोणाला ठाऊक नव्हते? त्याच सर्वांनी त्याला खांदा दिला, त्याच्या मुलाबाळांना जेवू घातले. सगळे माहीत असलेल्यांमध्ये उच्चारलेला दोष हा अपमान नसतो. कित्येकदा ती ओळखच असते. बदलीच्या गावी आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला नेमके हेच येत नाही. दर तीन वर्षांनी नवे शेजारी, नवी मंडळी; त्यांना आपले हुद्दे ठाऊक असतात, खोडी ठाऊक नसतात. आपल्यावर असा क्रूस लिहू शकेल इतके आपल्याला ओळखणारे एकही गाव उरलेले नाही, हा विचार मला त्या दारुड्याच्या बदनामीहून अधिक अस्वस्थ करतो.

अडचण येते ती परक्यांची. आज देशोदेशीचे प्रवासी तेथे जातात, छायाचित्रे काढतात आणि हसतात. ज्याने त्या माणसाला कधी शेतात राबताना पाहिले नाही, त्याच्यापुढे फक्त बाटली उरते. मजकूर तोच, परंतु वाचणारा बदलताच त्यातील न्याय बदलतो. त्यांपैकी कित्येकांना एका क्रूसापाशी मात्र हसू आवरावे लागत असेल. तो तीन वर्षांच्या मुलीचा आहे. घराजवळ तिला चिरडणाऱ्या, सिबियू शहराहून आलेल्या टॅक्सीला ती शाप देते. एवढ्या मोठ्या देशात थांबायला तुला दुसरी जागा मिळाली नाही काय, असे विचारते. 'आनंदी' हे नाव तेथे अगदी खोटे ठरते.

पत्राशचा स्वतःचा क्रूसही त्याच दफनभूमीत आहे. त्यावरील ओळी त्याच्याच आहेत. मी सांगतो ते खोटे नाही, मी कोणाचे वाईट चिंतिले नाही, ज्याने मागितले त्याचे जमेल तितके भले केले, आणि या जगात मी कष्टाने दिवस काढले, असे तो म्हणतो. गावातील इतक्या जणांचे दोष ज्याने कोरले, त्याने स्वतःचा एकही कोरला नाही. तो त्याला दिसला नसेल, की ते काम त्याने मागे राहणाऱ्या कोणासाठी ठेवले असेल? शिष्याच्या हाती तर तीच छिन्नी आणि तोच निळा रंग होता. पण गुरूच्या ओळी आजही तशाच आहेत.