राष्ट्राचा स्वार्थ आणि परक्याचे दुःख

एखाद्या माणसाने सत्यासाठी स्वतःचे घरदार पणाला लावले, तर समाज त्याला वंदन करतो. राज्यकर्त्याने सत्यासाठी प्रजेचे घरदार पणाला लावले, तर मात्र तेच वंदन सहजासहजी ओठांवर येत नाही, कारण त्याने उधळले ते त्याचे स्वतःचे नव्हते. परराष्ट्रधोरणातला नैतिक पेच इथून सुरू होतो. राज्यकर्ता विश्वस्त असतो. विश्वस्ताला त्यागाचा अधिकार फार थोडा असतो आणि तरीही त्याच्या निर्णयांची झळ अशा माणसांना लागते, ज्यांचा तो विश्वस्त नाही. सीमेपलीकडच्या माणसाला मत नसते, कर भरल्याची पावती नसते, दाद मागायला न्यायालय नसते. त्याच्या दुःखाचा हिशेब कोणी ठेवायचा?

या प्रश्नाला भारतीय परंपरेतले सर्वांत रोखठोक उत्तर कौटिल्याचे समजले जाते. शेजारचा राजा स्वभावतः शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव ही सहा साधने. आणि या साऱ्यांच्या केंद्रस्थानी जिंकू पाहणारा विजिगीषू. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती नीट वाचली, तर हे उत्तर वाटते तितके कोरडे राहत नाही. संधी आणि युद्ध यांतून लाभ सारखाच होणार असेल, तर संधीच करावी, असे कौटिल्य सांगतो. त्याहून लक्षणीय भाग करारांबद्दलचा आहे. शपथेवर केलेला तह डळमळीत आणि ओलीस ठेवून केलेला तह पक्का, असे पूर्वाचार्यांचे मत तो नोंदवतो आणि खोडून काढतो. ओलीस फक्त इहलोकापुरता उपयोगी आणि तोही बळ असेल तोवर. दिलेला शब्द मात्र इहपर दोन्ही लोकांत बांधून ठेवतो. ज्याला निव्वळ स्वार्थाचा पुरस्कर्ता म्हटले जाते, त्या ग्रंथकाराचे हे मत विसरून चालणार नाही.

हाच वाद 1920 च्या जानेवारीत दोन समकालीनांमध्ये उभा राहिला. राजकारणात सारे क्षम्य असे टिळक मानतात, असे गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहिले. टिळकांनी पत्र लिहून ते अमान्य केले. राजकारण हा संसारी माणसांचा व्यवहार आहे, साधूंचा नव्हे, आणि त्यात बुद्धाच्या अक्रोधापेक्षा जो जसा वागेल त्याच्याशी तसे वागण्याची गीतेतली वाट अधिक योग्य, अशी त्यांची भूमिका होती. दोन्ही वाटा सारख्याच प्रामाणिक आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. जग साधूंसाठी नाही असे मानणे हा मनाचा आळस आहे, असे गांधीजींचे उत्तर होते. व्यक्तीपुरते पाहिले तर गांधीजींचे उत्तर भारी पडते. विश्वस्ताच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला मात्र टिळकांची बाजू सोडता येत नाही. अडचण एवढीच की ‘जशास तसे’ हा न्याय समोरच्या राजाला लागू पडतो. त्या राजाच्या टाचेखाली असलेल्या प्रजेने आपले काय वाकडे केलेले असते?

तडजोड अटळ असेल तर ती कशी करावी, याचा एक नमुना महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्मपर्वात आहे. पलित नावाचा उंदीर एका बाजूने मुंगूस आणि दुसऱ्या बाजूने घुबड यांच्या कचाट्यात सापडतो. जवळच लोमश नावाचे मांजर पारध्याच्या जाळ्यात अडकलेले असते. पलित मांजराशी तह करतो, त्याच्या कुशीत शिरून दोन्ही वैऱ्यांपासून वाचतो. पण जाळे तो लगेच कुरतडत नाही. पारधी दिसू लागल्यावर, म्हणजे सुटलेल्या मांजराला स्वतःचा जीव वाचवण्यापलीकडे सवड उरणार नाही अशा क्षणी, तो शेवटचा दोर तोडतो. नंतर मांजर मैत्रीच्या गोड गोष्टी करू लागते. पलित बिळातूनच उत्तर देतो: गरज होती तोवर तह होता, गरज संपली, तह संपला. तडजोडीला तो मैत्री म्हणत नाही. राष्ट्रांची मोठी नैतिक घसरण बहुधा इथेच होते. नाइलाजाने धरलेला हात पुढे बंधुत्वाचा ठरवला जातो आणि ज्याबद्दल गप्प राहावे लागले, ते घडलेच नाही असे सांगितले जाते.

परक्याच्या दुःखाचा हिशेब ठेवणारा राज्यकर्ता इतिहासात विरळाच. अशोक हे त्याचे ठळक उदाहरण. तेराव्या शिलालेखात त्याने कलिंगातले आकडे कोरून ठेवले: एक लाख मारले गेले, दीड लाख पकडून नेले आणि त्याहून कितीतरी पटींनी लोक दगावले. जे स्वतः वाचले पण ज्यांचे सोयरे-मित्र संकटात सापडले, त्यांच्या यातनेचीही त्याने नोंद केली. विजेत्याने शत्रुपक्षाची हानी पराक्रम म्हणून न सांगता दुःख म्हणून सांगावी, ही जगाच्या इतिहासात असामान्य गोष्ट आहे. त्याच लेखाच्या मर्यादाही पाहायला हव्यात. पकडून नेलेल्या दीड लाखांना परत पाठवल्याचा उल्लेख त्यात नाही. अरण्यवासी टोळ्यांना पश्चात्तापाबरोबरच आपल्या सामर्थ्याची जाणीवही तो करून देतो. आणि खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, हा लेख कोरलेलाच नाही. तिथे त्याऐवजी दोन वेगळे लेख आहेत. त्यांपैकी एकात, सीमेपलीकडच्या न जिंकलेल्या लोकांनी आपली भीती बाळगू नये, त्यांना आपल्याकडून सुख मिळावे, असा अधिकाऱ्यांना आदेश आहे. पश्चात्तापातही राज्याचे भान सुटलेले नाही, याला दांभिकपणा म्हणणे अन्याय ठरेल. राज्य सोडून न देता पश्चात्ताप करणाऱ्याला एवढीच जागा उपलब्ध असते आणि ती अशोकाने वापरली.

स्वतंत्र भारताला हा पेच लवकरच भेटला. 1956 मध्ये सुएझवरील ब्रिटिश-फ्रेंच-इस्रायली हल्ल्याचा निषेध दिल्लीने तत्काळ केला. त्याच दिवसांत बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले, तेव्हा मात्र तिचा आवाज दबका राहिला आणि संयुक्त राष्ट्रांत 9 नोव्हेंबरच्या एका ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. मॉस्कोच्या मैत्रीची गरज खरी होती. जयप्रकाश नारायण यांनी तेव्हा उघडपणे धरलेला दोषही तितकाच खरा होता.

म्यानमारचे उदाहरण अधिक जवळचे आहे. 1988 चा लोकशाहीवादी उठाव चिरडला गेला, तेव्हा भारताची सहानुभूती आंदोलकांकडे होती. पुढे आंग सान सू ची यांना नेहरू पुरस्कारही दिला गेला. पण ईशान्येतील बंडखोरांचे सीमेपलीकडचे तळ आणि चीनचा वाढता प्रभाव पाहून 1990 च्या दशकात दिल्लीने लष्करी राजवटीशी संबंध जोडले. 1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. 27 मार्चला नेपिडॉमध्ये सैन्यदिनाचे संचलन झाले आणि त्याच दिवशी देशभर शंभरहून अधिक नागरिक मारले गेले. संचलनाला प्रतिनिधी पाठवणाऱ्या आठ देशांत भारत होता. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवर ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला.

सुमारे 1,640 किलोमीटरची सीमा ज्याला सांभाळायची आहे, त्याला तटस्थतेचे समर्थन करता येते. त्या मार्चमध्येच केंद्रीय गृहमंत्रालयाने ईशान्येतील राज्यांना निर्वासितांचा लोंढा रोखण्यास सांगितले. या आदेशाचे समर्थन तितके सोपे नाही. ठरावावर गप्प राहण्याने पीडिताची मदत हुकते. दारातून परत पाठवण्याने त्याला मारेकऱ्याच्या हाती देणे होते, आणि विश्वस्ताच्या कर्तव्यात ते बसत नाही. मिझोराममध्ये हा फरक लोकांनीच ओळखला. पलीकडचे चिन आणि अलीकडचे मिझो हे एकाच कुळातले. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, या लोकांकडे पाठ फिरवता येणार नाही, असे कळवले. चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि गावकरी यांनी हजारो निर्वासितांच्या अन्ननिवाऱ्याची सोय केली.

कायद्याच्या दृष्टीने मिझोरामची बाजू कमकुवत होती. परराष्ट्रव्यवहार हा संघसूचीतला विषय, आणि 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य आणि सन्मानपूर्वक संबंध राखावेत, आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढवावा, असे संविधानाचे 51 वे कलम राज्याला सांगते. पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असल्याने त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. म्हणून परक्याच्या दुःखाचा हिशेब मागण्याचे काम संसद, वृत्तपत्रे आणि सीमेवर राहणारी माणसे यांच्याकडेच उरते.